चांगुणाबाईच्या मागल्या पायरीवरून काढलेले सहा फोटो

चांगुणाबाईवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता. दोन डंपर तिच्या घराच्या मागे उलटे येऊन लागले आणि कुठल्याशा पाडलेल्या इमारतीचा राडारोडा त्यांनी तिच्या होडीवर ओतला. होडी गाडली गेली. घरातून खाडीत उतरायची वाट बुजली. हे कोणी करवलं ते मला माहीत आहे, पण लिहिता येत नाही, कारण सिद्ध करता येत नाही. तिचं घर त्यांना कोणी दाखवलं ते मात्र सिद्ध करता येतं. मी दाखवलं.

तुमच्या संकुलाच्या दिवाळी अंकासाठी ‘कामाचे अनुभव लिहा, हलकंफुलकं चालेल’ असा निरोप आला तेव्हा मी नाही म्हणणार होतो. माझं वय अठ्ठावीस. सहा वर्षं मी एकच काम करतोय, खाडीकाठची कांदळवनं राखायचं. त्यात हलकंफुलकं थोडंच असतं. शिवाय पत्रकं लिहून लिहून माझी भाषा अशी झाली आहे की आई म्हणते, तू जेवायला वाढा म्हणालास तरी निषेध केल्यासारखं वाटतं. पण हा अंक तुमच्या घरात येणार, आणि तुमच्या बाल्कनीतून ती जागा दिसते. म्हणून लिहितोय.

गावाचं नाव लिहीत नाही. रेलिंगला टेकून खाली बघा. दिवा स्टेशनच्या बाजूला जिथे हिरवं संपून करडं सुरू होतं ना, त्याच्या अलीकडची कौलं म्हणजे ते गाव. आणि चांगुणाबाई तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या गेटबाहेर, वॉचमनच्या केबिनच्या सावलीला टोपली घेऊन बसते ती. तुम्ही तिच्याशी कोळंबीवरून घासाघीस करता.

माझी तिची ओळख झाली ती मी मरायला टेकलेलो तेव्हा. कामाला लागून महिनाही झाला नव्हता. नवीन रोपटी मोजायला मी एकटाच चिखलात उतरलेलो, पायात बूट घालून, हातात वही. भरतीची वेळ मी मोबाईलवर बघितलेली, पण ती मुंबईच्या बंदराची होती. खाडीत आत पाणी उशिरा चढतं, असं मी कुठेतरी वाचलेलं आणि निर्धास्त होतो. किती उशिरा ते वाचलं नव्हतं. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तो मांडीपर्यंत गेला. मग कांदळवनातल्या तिवराच्या मुळ्यांमधून पाणी यायला लागलं. त्याचा आवाज होत नाही. आधी मुळ्यांची टोकं दिसत होती, मग दिसेनाशी झाली, मग माझ्या पोटाला गार लागलं. मी ओरडलो नाही, कारण ओरडायला श्वासच येत नव्हता.

पलीकडून एक बाई होडी ढकलत आली, साडी कासोट्याला खोचलेली, होडीत चिंबोऱ्यांची पाटी. माझ्याकडे बघून ती थांबली आणि अगदी सावकाश बोलली.

“उबा नको ऱ्हाऊ. आरवा हो. पोट लाव चिखलाला.”

मी म्हटलं, मावशी, बुडेन मी. ती म्हणाली, “उबा ऱ्हायलास त बुरशील. आरवा झालास त पोवशील.”

मी आडवा झालो. पाय सुटले. बूट राहिले. त्यानंतर पाच वर्षं दर भेटीला ती मला सांगायची की तुझे बूट आता चिंबोऱ्या घालतात.

माझं काम काय ते नीट सांगतो, कारण पुढची चूक त्याशिवाय कळणार नाही. कांदळवन तोडायला बंदी आहे, कायदा कडक आहे. म्हणून हल्ली कोणी तोडत नाही. कुऱ्हाड दिसते, आवाज होतो, फोटो निघतो. त्यापेक्षा पाणी अडवणं सोपं. गावाच्या जुन्या बांधाला जागोजाग झडपा असतात, त्यांना उघाडी म्हणतात. त्यांतून भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला बाहेर जातं. उघाडीत चार टोपल्या राबिट, म्हणजे पाडकामाचा राडारोडा, टाकायचं, वर जरा माती लोटायची, झालं. आतलं तिवर तहानेने मरतं. आधी पानं पिवळी, मग फांद्या पांढऱ्या. चिखलाला भेगा पडतात. दोन पावसाळ्यांनी तिथे कोणी साहेब आला तर त्याला सुकलेली खोडं दिसतात आणि तो लिहितो की सदर जागेवर जिवंत कांदळवन आढळून आले नाही. मग भराव, मग कुंपण, मग बोर्ड.

आमचं काम म्हणजे मधल्या वेळात हे पकडणं. त्याला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे फोटो, आणि खाली अक्षांश-रेखांशाची पट्टी छापून येते असा फोटो. मी कॉलेजच्या पोरांना शिकवायला जायचो तेव्हा हेच ठासून सांगायचो की पट्टीशिवाय फोटो म्हणजे गप्पा. पट्टी असली की साहेबाला पळवाट नाही. मला त्या पट्टीचा फार अभिमान होता.

गेल्या वर्षी गौरी-गणपती गेल्यावर चांगुणाबाईने मला गेटवर थांबवलं. टोपली वॉचमनकडे ठेवून जरा बाजूला घेतलं आणि सांगितलं की उघाडीतून पाणी येत नाही, चिंबोऱ्यांच्या बिळाबाहेर ओला चिखल दिसत नाही, झारं पिकून पिवळी पडायला लागलीत. बांधावर जाऊ नको, तिथे त्यांचा माणूस खुर्ची टाकून बसतो. माझ्या घरात ये, मागल्या पायरीवरून सगळं दिसतं.

मी गेलो. तिने चहा दिला. पायरीवर बसून मी सहा फोटो काढले. बुजवलेली उघाडी, पिवळं पडलेलं तिवर, राबिटाचा ढीग, खुर्ची, खुर्चीवरचा माणूस, आणि डंपरचा रस्ता. सगळे स्पष्ट आले. सगळ्यांखाली पट्टी आली. दुसऱ्या दिवशी तक्रार टाईप केली, फोटो रंगीत छापले आणि नेहमीप्रमाणे पाच ऑफिसांत प्रती दिल्या. तिचं नाव कुठेही घातलं नाही. ‘स्थानिक रहिवाशांकडून मिळालेल्या माहितीनुसार’ असं लिहिलं. आपण किती जपून वागतो असं मला तेव्हा वाटलेलंही.

आता तुम्ही मोबाईल घ्या आणि विचार करा. फोटोखालची पट्टी कुठली जागा सांगते? समोरच्या झाडाची? नाही. मोबाईल जिथे उभा आहे तिथली. पाच वर्षं हे काम करणाऱ्या, दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माणसाच्या हे डोक्यात आलं नाही. बांधावर उभं राहून, झाडांत उभं राहून फोटो काढायची सवय. तिथे मोबाईलची जागा आणि गुन्ह्याची जागा एकच असायची. त्या दिवशी मी दुसऱ्याच्या घरात बसलेलो.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी मी दुपारी जेवायला घरी आलो. डोंबिवली पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर. वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेत, कोणी गप्पा मारायला आलं की खूश असतात. पांढऱ्या शर्टातला एक माणूस आमच्या खाटेवर बसून चहा पीत होता. टीपॉयवर पेढ्यांचा बॉक्स. वडील त्याला कारखान्यातल्या संपाच्या गोष्टी सांगत होते आणि तो मनापासून ऐकत होता. मला बघून उठला. “ये भाऊ, तुझीच वाट बघत होतो.”

माझ्याच घरात मला ये म्हणाला.

तो वडिलांना सांगत होता, फार हुशार मुलगा आहे तुमचा. असे शंभर पाहिजेत. मग म्हणाला, काकी मंगळवारी गणपतीला टिटवाळ्याला जातात ना, परतीला फार गर्दी असते, जपून जा म्हणावं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, तुम्हाला बरं माहीत. तो हसला. मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. माझी तक्रार. माझी सही असलेली, आवक शिक्क्यासह. त्याने ती टीपॉयवर उलगडली आणि फोटोखालच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

“फोटो छान येतात तुझे. कुठून काढला ते पण खाली येतं. एकदम पक्कं काम.”

मग वडिलांकडे वळून म्हणाला, “काका, ह्याला सांगा जरा. चिखलात फिरतो. पाय अडकतो माणसाचा.”

वडील म्हणाले, मी पण हेच सांगतो, आणि त्याला आणखी अर्धा कप चहा घ्यायचा आग्रह केला.

तो गेल्यावर मी जेवायला बसलो. आमटीत भात कालवला आणि तसाच बसून राहिलो. आकडे डोक्यात फिरत होते. मोबाईलवर ते टाकून बघितले. नकाशावर लाल खूण पडली ती कौलावर, एका घराच्या बरोबर मागच्या अंगाला. अक्षरशः पायरीवर.

यापुढचं लिहायला मला लाज वाटते. त्याच वेळी उठून मी गावात जायला हवं होतं. अर्ध्या तासाचा रस्ता. मावशी, होडी हलव, दोन दिवस मुलीकडे जा, एवढं सांगायचं होतं. फोन करायचा तर तिच्याकडे फोन नाही. मी गेलो नाही. मी मोबाईलमधले फोटो पुसले. आईला मंगळवारी टिटवाळ्याला जाऊ दिलं नाही, माझं पोट दुखतंय असं सांगून घरी बसवलं. खाली कोणाची स्कूटर थांबली की मी पडद्याआडून बघायचो. बघता बघता पंधरवडा निघत आला आणि मी स्वतःला सांगत राहिलो की मी गावात गेलो तर उलट तिच्यावर संशय पक्का होईल. हे कारण मला इतकं पटलं की त्याचीच मला आता जास्त भीती वाटते.

मग सव्वाअकराचे ते दोन डंपर. ती तेव्हा तुमच्याच गेटवर बसलेली. शेजारच्या सुनेने येऊन सांगितलं. टोपली तशीच टाकून ती धावली. पोचली तोवर होडीचं फक्त नाळेचं, म्हणजे पुढचं, टोक वर होतं. दुसऱ्या दिवशी अमावास्येचं उधाण. पाण्याला जायला नेहमीची वाट उरली नव्हती. ते तिच्या मागल्या दाराने आत आलं आणि चुलीपर्यंत पोचलं. ज्या पायरीवर मी चहा प्यायलो ती पायरी पाण्याखाली होती.

दसऱ्यानंतर वनखात्याचे वनपाल पंचनाम्याला आले. भला माणूस. एवढ्या लांब खाडीवर लक्ष ठेवायला त्यांच्या हाताखाली दोन माणसं. पंचनामा म्हणजे काय, तर जे आहे ते जागेवर बघून लिहायचं आणि दोन पंचांनी खाली सही करायची, की हो, आमच्या समक्ष हे असंच होतं. पंच म्हणजे ज्याचा त्यात काही संबंध नाही असा कोणीही शहाणासुरता माणूस. पंच नसेल तर तो कागद कोर्टात रद्दी.

वनपालांनी गावात हाका मारल्या. एक काका अंघोळीला गेले. एकाला तालुक्याला जायचं होतं. एकाने चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं, चष्मा डोक्यावर होता. पांढरा शर्ट बांधावर खुर्चीत बसून शेंगा खात होता. एका शब्दाने त्याने कोणाला अडवलं नाही.

वनपालांनी चांगुणाबाईला विचारलं, मावशी, तुमची होडी इथे होती? तिने बांधाकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, याने फोटो तुमच्याच पायरीवरून काढलेत, तुम्हीच त्याला दाखवलंत ना?

ती माझ्याकडे बघत म्हणाली, “यो पोऱ्या कोन? मना ठावं नाय.”

बांधावरून शेंगेचं टरफल फुटल्याचा आवाज आला. मी मान खाली घातली. तिचा राग आला नाही. बरं वाटलं. तिने मला ओळखलं नाही म्हणून बरं वाटलं, आणि आजवर लिहिलेलं प्रत्येक पत्रक मला त्या क्षणी खोटं वाटलं. अहवालात आलं, ‘पंच उपलब्ध न झाल्याने कार्यवाही प्रलंबित.’

त्यानंतर ती गेटवर बसत राहिली, पण माझ्याशी बोलायची नाही. टोपलीतला माल तिचा नव्हता. पहाटे बाजारातून विकत आणून, बर्फात घालून ती तो तुम्हाला विकत होती. तुम्ही ताजा म्हणून घेत होतात. मी ते बघायचो आणि पुढे जायचो.

आता तुमच्यातल्या एका काकांची गोष्ट. नाव लिहीत नाही. कोणती विंग, कितवा मजला, हेही लिहीत नाही. एवढं मी शिकलो. हे काका बँकेतून निवृत्त. चार वर्षांपूर्वी त्यांनी पालिकेला लिहिलं होतं की खाडीकाठच्या झुडपांमुळे डास आणि दुर्गंधी होते, सबब ती काढून टाकावीत. मी तेव्हा पत्रकात त्यांना ‘काँक्रीटचे पुजारी’ म्हटलेलं. नावासकट. यंदा श्रावणात त्यांचाच मला फोन आला. भाषा एकदम छापील.

“आपण मला पुजारी म्हटलं होतंत, ते कात्रण माझ्याकडे आहे. त्याविषयी नंतर बोलू. आधी बेसमेंटमध्ये या.”

गेलो. पाऊस नव्हता, चार दिवस कडक ऊन पडलेलं. तुमच्या पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी होतं. काकांनी मला त्यात बोट बुडवून चाखायला लावलं. खारट. उधाणाचं पाणी नाल्यातून उलटं येत होतं, कारण ज्या तळवटात ते पसरायचं तिथे आता राबिट आहे. तुम्ही त्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर प्लंबरला शिव्या घातल्यात. मी वाचल्यात. लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत ते पाणी अजून पोचलेलं नाही. कार्तिकातलं उधाण त्याहून मोठं असतं.

काकांना मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. ते मला वर त्यांच्या बाल्कनीत घेऊन गेले. मग म्हणाले, म्हणजे फोटो माझ्या बाल्कनीतून काढला तर पट्टीवर या इमारतीचा आकडा येईल. मी म्हटलं, हो. आणि या इमारतीत किती घरं आहेत, त्यांनी विचारलं, आणि स्वतःच हसले. इतक्या दरवाजांवर पेढे घेऊन कोण फिरणार.

त्यांनी फोटो काढले. कॅमेरा चांगला होता. बुजलेली उघाडी, करडं तिवर, राबिटातून वर आलेलं होडीचं टोक, सगळं आलं. माझ्या सहीने नवीन तक्रार गेली. यंदाच्या सर्वपित्रीला, भरतीच्या वेळेला, वनपाल पुन्हा आले, आणि काका टोपी घालून, छत्री टेकत, लिफ्टने खाली उतरून, नाक्यावरून वळसा घालून बांधावर आले. त्यांनी पंच म्हणून उभं राहायची तयारी दाखवली. पांढऱ्या शर्टाने खुर्चीतून त्यांना नमस्कार केला. काकांनीही केला.

एक पंच झाला. दुसरा नव्हता; मी तक्रारदार, मला पंच होता येत नाही. वनपालांनी गावाकडे बघितलं. दारं लागत होती. मग मागून चांगुणाबाई आली, पदराला हात पुसत.

“द्या इकरं कागद. मी करतंय सई.”

वनपाल म्हणाले, मावशी, तुमचंच नुकसान झालेलं, तुम्ही पंच झालात तर समोरचा वकील दोन मिनिटांत उडवेल. ती म्हणाली, उरवू दे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातला पेन खिशात घातला. नियम मला पाठ होता, पण पेन मी नियमासाठी घातला नाही. खुर्चीतला माणूस मोबाईल वर धरून आमचे फोटो काढत होता.

वर्षभराने ती माझ्याशी बोलली. “भ्यालास?”

“हो मावशी.”

“मी पन,” ती म्हणाली. “होरी गारली त्यांनी. आता घरच ऱ्हायलंय. भ्याव तं लागनारच. पन तू उबा कशाला ऱ्हायलास? आरवा हो म्हनलेलं ना तुला. एकट्या पायावर भार नको टाकू.”

मग तिने विचारलं, त्या उंच घरांत एवढी मानसं ऱ्हातात, मासे घ्यायला रोज उतरतात, त्यांतला आनखी एक नाय येनार? मी वर तुमच्या बाल्कन्यांकडे बघितलं. तिचं नाव या लेखात घालू का असंही मी विचारलं. ती म्हणाली, घाल, तू आधीच सांगितलंस त्यांना.

वनपालांनी पुढची तारीख दिली आहे, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भरतीला. त्यानंतर ते येणार नाहीत. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि त्यांच्यावर मी पत्रक काढणार नाही. त्या दिवशी पंचनामा झाला नाही तर उघाडी कायमची गेली, राहिलेलं तिवर गेलं, आणि पुढच्या पावसाळ्यात चांगुणाबाईचं घर गेलं. त्यानंतर पाणी कुणाच्या दारात येणार ते तुम्ही पार्किंगमध्ये बघितलंय.

तुम्हाला भीती वाटेल. मला वाटते. काकांना वाटते, त्यांची मुलगी लांब आहे आणि घरात ते आणि काकू दोघंच असतात. भिऊ नका असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. पण एका माणसाने सही केली तर त्यांना एक दार सापडतं. दहा जण बांधावर उभे राहिले तर कोणाच्या दारात पेढे न्यायचे हे त्यांना ठरवता येणार नाही.

पंचनाम्यावर दुसऱ्या पंचाची ओळ कोरी आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी तुमच्या गेटवर, चांगुणाबाईच्या टोपलीशेजारी उभा असेन. हा अंक खाली ठेवा, चप्पल घाला, शेजाऱ्याला हाक मारा, आणि लिफ्ट चालू आहे तोवर खाली या. सही करा.